डीएनए लशीत सायटोकाइनचं जनुक: म्हशीत चालेल का?

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लाळ्या खुरकुतीविरुद्धच्या डीएनए लशीसोबत (म्हणजे विषाणूच्या प्रथिनाचं जनुक टोचून ते प्रथिन जनावराच्याच पेशींत तयार करवणाऱ्या लशीसोबत) जीएम-सीएसएफ किंवा आयएल-२ या सायटोकाइनचं (तिच्या शब्दांत, ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या प्रथिनाचं’) जनुक द्यायचं, असा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिला आहे. तिचे प्रश्न असे: उंदरांवरचे निकाल तर फारच चांगले दिसतात, मग म्हशीत ते चालेल का? दोघांपैकी कुठलं प्रथिन निवडावं? आणि कल्पना इतकी जुनी आणि इतकी चांगली असेल, तर अशी लस बाजारात का नाही?

दोघांपैकी एकच निवडायचं असेल तर लाळ्या खुरकुतीसाठी जीएम-सीएसएफ. पण हा निर्णय सगळ्यांत शेवटी घ्यायचा असतो आणि तुम्ही तो पहिल्याच पानावर घेऊन टाकला आहे. उंदरात जोरदार चालणारी डीएनए लस म्हशीत फिकी पडते, ती म्हशीची प्रतिकारशक्ती मंद आहे म्हणून नव्हे. मोठ्या जनावरात टोचलेल्या प्लाझ्मिडपैकी, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यांपैकी, फारच थोडं पेशींच्या आत, केंद्रकापर्यंत पोहोचतं. विषाणूचं प्रथिनच नीट तयार होत नाही. प्रथिन तयार होत नसताना त्यावरचा प्रतिसाद वाढवणारं जनुक घालत बसणं म्हणजे डाळ शिजलेली नसताना फोडणीवर मेहनत घेणं.

आधी थोडा हिशोब करू. उंदीर साधारण २० ग्रॅमचा, त्याला बहुतेक प्रयोगांत ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड देतात. आरेच्या तबेल्यातली मुऱ्हा म्हैस ५०० किलोची धरली तर ती उंदराच्या २५,००० पट. त्याच प्रमाणात द्यायचं म्हटलं तर एका म्हशीला एका वेळी सव्वा ते अडीच ग्रॅम प्लाझ्मिड लागेल. लशीचा डोस वजनाच्या प्रमाणात वाढवायचा नसतो हे मला मान्य आहे, पण अंतर किती आहे ते या आकड्यावरून कळतं. शिवाय उंदराच्या मांडीच्या चिमुकल्या स्नायूत ५० मायक्रोलिटर द्रव ढकललं की त्या दाबानेच बरंचसं डीएनए पेशींत शिरतं. म्हशीच्या मानेच्या स्नायूत दोन मिलिलिटर टोचा, असा दाब तयारच होत नाही. द्रव तंतूंमधून पसरतं आणि बाहेरच्या एन्झाइमांच्या तोंडी जातं.

म्हणून मोठ्या जनावरांत ज्या डीएनए लशी चालल्या त्यांच्या यशात बहुतेक वेळा पोहोचवण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. माणसातलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही माणसांसाठी आपत्कालीन परवानगी मिळालेली जगातली पहिली डीएनए लस. ही परवानगी ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाली. ती सुईने देत नाहीत, द्रवाच्या बारीक झोताने त्वचेत देतात. दर वेळी २ मिलीग्रॅम, असे तीन डोस. त्यात कुठलंही सायटोकाइनचं जनुक नाही. त्वचेत प्रतिजन (म्हणजे विषाणूचं जे प्रथिन प्रतिकारयंत्रणा ओळखते ते) उचलून नेणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी दाटीने असतात, त्यामुळे नुसती जागा बदलल्यानेच बरंच काम होतं. म्हशीची कातडी जाड असली तरी कानामागे आणि शेपटीच्या बुडाशी त्वचेत टोचता येतं. क्षयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीसाठी आपण त्वचेत टोचतोच की.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोपोरेशनचा. टोचल्याजागी क्षणभर विजेचे झटके दिले की पेशींच्या पडद्याला तात्पुरती छिद्रं पडतात आणि प्लाझ्मिड आत जातं. डुकरांत आणि गाईंत याने प्रतिसाद स्पष्ट वाढतो. पण जोगेश्वरीच्या किंवा गोरेगावच्या तबेल्यात हे यंत्र घेऊन गेल्यावर मालक काय म्हणेल याचा विचार करा. साध्या लसीकरणानंतर दोन दिवस म्हैस पान्हा चोरते म्हणून तक्रार करणारी ही माणसं. खोड्यात घालून विजेचे झटके द्यायला तो होकार देणार नाही, आणि त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही. प्रयोगात इलेक्ट्रोपोरेशन जरूर वापरा, फक्त निष्कर्षात ते ‘मैदानी वापरास योग्य’ असं लिहू नका.

आता प्रतिजनाकडे. लाळ्या खुरकुतीच्या विषाणूच्या कवचातलं एकटं व्हीपी१ प्रथिन घेऊन केलेले प्रबंध आपल्याकडे ढीगभर सापडतील. ते सोपं आहे, जनुक लहान आहे, क्लोनिंग एका सत्रात होतं. पण या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या बऱ्याच प्रतिपिंडांना कवचाचा आकार लागतो, नुसता तुकडा पुरत नाही. आकार हवा तर पी१ हे संपूर्ण पूर्वप्रथिन घ्यावं लागतं आणि ते कापून व्हीपी०, व्हीपी३, व्हीपी१ वेगळं करणारं ३सी हे प्रोटीएजही सोबत द्यावं लागतं. मग पेशीत आपोआप रिकामी कवचं जुळतात. त्यांत विषाणूचं आरएनए नसतं, त्यामुळे रोग होण्याचा प्रश्नच नाही. मात्र ३सी पेशीलाही बाधतं; जास्त झालं तर प्रथिन बनवणारी पेशीच मरते. पी१-२ए-३सी ही रचना घ्यायची असेल तर ३सी कमी प्रमाणात तयार होईल अशी व्यवस्था हवी. (जाता जाता सांगतो: एका आरएनएवरून दोन प्रथिनं वेगवेगळी काढायला आज जगभरच्या प्रयोगशाळा जे २ए पेप्टाइड वापरतात, ते पहिल्यांदा याच विषाणूत ओळखलं गेलं. ज्या रोगाने आपल्या गुरांचे इतके हाल केले त्याने जनुकशास्त्राला दिलेली ही भेट.)

हे दोन्ही झालं, म्हणजे पोहोचवणं आणि प्रतिजन, की मग सायटोकाइनचा प्रश्न खरा उभा राहतो. इथे माझा एक आग्रह आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं प्रथिन’ हा शब्दप्रयोग सिनॉप्सिसमधून काढून टाका. ही प्रथिनं प्रतिसाद सरसकट वाढवत नाहीत. ती त्याला एका बाजूला वळवतात. कुठल्या बाजूला वळवायचं हे विषाणू ठरवतो.

जीएम-सीएसएफ टोचल्याजागी मोनोसाइट आणि डेन्ड्रायटिक पेशी ओढून आणतं, त्यांना वाढवतं, प्रतिजन लसिकाग्रंथीपर्यंत नेण्याच्या तयारीला लावतं. आयएल-२ ही टी पेशींची वाढ करणारी खूण. आयएल-१२ आणि गॅमा इंटरफेरॉन पेशीय प्रतिकाराकडे, म्हणजे टी पेशींनी लढवलेल्या प्रतिकाराकडे, ढकलतात, आयएल-४ प्रतिपिंडांकडे. सीडी४०एल डेन्ड्रायटिक पेशीला जागं करतं. लाळ्या खुरकुतीत संरक्षणाचं सर्वांत भरवशाचं मोजमाप म्हणजे रक्तातली विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं. ती हवी असतील तर प्रतिजन नीट सादर होणं महत्त्वाचं, म्हणून मी जीएम-सीएसएफ म्हणतो. पेशीय प्रतिकारावर सगळी भिस्त ठेवणारं आयएल-१२ इथे पहिली निवड होणार नाही.

आयएल-२ बद्दल लोक उत्साहात असतात त्याला कारण आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये जो ब्राउनली यांच्या गटाने बोव्हाइन व्हायरल डायरिया या गुरांच्या रोगाच्या विषाणूच्या ई२ प्रथिनाच्या डीएनए लशीसोबत आयएल-२ चं जनुक दिलं आणि प्रतिसाद वाढल्याचं दाखवलं. हे काम २००० च्या आसपासचं, उंदरांतलं. डुकरांत पीआरआरएस (प्रजनन आणि श्वसनाचा रोग) विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या डीएनए लशीलाही आयएल-२ ने पेशीय प्रतिसादात मदत केली. पण त्याची घडण समजून घ्या. आयएल-२ घट्ट पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) टी पेशीवर येतो तो प्रतिजनाची ओळख पटल्यानंतर. त्याआधी आयएल-२ ओतलं तर ते घेणार कोण? हा ग्राहक कायम बाळगणाऱ्या पेशी एकच, नियामक टी पेशी. आणि त्यांचं काम प्रतिसाद थोपवण्याचं. म्हणजे वेळ चुकली तर तुम्ही ब्रेकच दाबता. आयएल-२ वापरायचंच असेल तर लशीनंतर दोन-तीन दिवसांनी वेगळं देणारा एक गट ठेवा.

वेळेची गोष्ट जीएम-सीएसएफलाही लागू आहे. एचआयव्हीच्या डीएनए लशीवर उंदरांत झालेल्या कामात हेच जनुक लशीच्या आधी दिलं की प्रतिसाद प्रतिपिंडांच्या बाजूला झुकला, नंतर दिलं की पेशीय बाजूला. आणि प्रमाण? कर्करोगाच्या लशींवर काम करणाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांत दाखवलं की जीएम-सीएसएफ फार झालं तर प्रतिसाद दाबणाऱ्या मायलॉइड पेशी जमा होतात आणि लस उलट कमजोर पडते. त्यामुळे सायटोकाइनच्या प्लाझ्मिडचा एकच डोस घेऊन केलेला प्रयोग मला अर्धवट वाटतो. निदान दोन पातळ्या हव्यात.

विषाणू बदलला की गणित कसं उलटतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिकन स्वाइन फीव्हरचं. आपल्याकडे हा रोग २०२० मध्ये ईशान्येत शिरला. स्पेनमधल्या एका गटाने त्याच्या विषाणूची प्रथिनं थेट प्रतिजन-सादर करणाऱ्या पेशींकडे जातील अशी डीएनए लस केली. प्रतिपिंडं भरपूर आली, पेशीय प्रतिसादही आला, कागदावर सगळं झकास. विषाणू टोचल्यावर डुकरं वाचली नाहीत, उलट रक्तातला विषाणू वाढला. मग त्याच गटाने प्रथिनांना युबिक्विटिन जोडलं, म्हणजे ती पेशीच्या आत लगेच तुटून, बाधित पेशी मारणाऱ्या सीडी८ टी पेशींपुढे मांडली जातील. या वेळी प्रतिपिंडं दिसलीच नाहीत, आणि काही डुकरं जगली. म्हणजे प्रतिपिंडं मोजणाऱ्या एलायझा चाचणीचा आकडा चढला म्हणून लस सुधारली असं होत नाही. पीआरआरएसचा विषाणूही मॅक्रोफेजमध्येच वाढतो. तिथे मॅक्रोफेज बोलावणारं जीएम-सीएसएफ घालताना मी दहादा विचार करीन.

सावधगिरीचा आणखी एक धडा ऑस्ट्रेलियातून आला. तिथे उंदरांची पैदास रोखण्यासाठी उंदीर-देवीच्या विषाणूत काही बदल करत असताना त्यात आयएल-४ चं जनुक घातलं होतं. २००१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: जन्मतः प्रतिकार असलेले उंदीर मेले, आणि आधी लस दिलेल्यांपैकीही अनेक मेले. ती जिवंत विषाणूची गोष्ट होती, प्लाझ्मिडची नव्हे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण बाजू चुकीची निवडली तर सायटोकाइन काय करू शकतं, हे त्याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

‘प्रतिकारशक्तीचं प्रथिन’ वापरण्याची एक वेगळी तऱ्हाही तुमच्या प्रस्तावनेत यायला हवी. लाळ्या खुरकुतीची लस दिल्यावर संरक्षण यायला साधारण आठवडा लागतो, आणि साथ तेवढा वेळ देत नाही. अमेरिकेच्या प्लम आयलंडवर मार्विन ग्रबमन यांच्या गटाने अडिनोव्हायरसमधून डुकराचं अल्फा इंटरफेरॉन दिलं, तर एका दिवसानंतर विषाणू टोचूनही डुकरं वाचली. काही दिवसच टिकणारं संरक्षण, पण लशीच्या आधीची पोकळी भरून काढणारं. गाईंत तेच तितकं चाललं नाही. तिथे लॅम्डा वर्गातलं इंटरफेरॉन जास्त आशादायक ठरलं. डुकरातला निकाल गाईला लागू पडत नाही, तर उंदरातला म्हशीला कसा पडेल?

प्रजातीचा हा प्रश्न जनुक मागवतानाच सुटला पाहिजे. माणसाचं आयएल-२ उंदराच्या पेशींवर काम करतं, पण उंदराचं जीएम-सीएसएफ माणसावर नाही आणि माणसाचं उंदरावर नाही. गॅमा इंटरफेरॉनही असंच आपापल्या प्रजातीला बांधलेलं. म्हणजे म्हशीसाठी केलेलं प्लाझ्मिड उंदरात तपासून ‘परिणाम नाही’ असा निकाल आला तर तो निकालच नाही. गाय आणि म्हैस यांची सायटोकाइन खूप जवळची आहेत, गाईचं जनुक म्हशीत चालण्याची शक्यता चांगली. तरी ते आधी तपासायचं. तीच गोष्ट सीपीजी तुकड्यांची. जिवाणूंच्या डीएनएतला सीजी अक्षरांचा जो क्रम उंदराची प्रतिकारयंत्रणा चेतवतो तो जीएसीजीटीटी; गाय, मेंढी, डुक्कर आणि माणूस यांना जीटीसीजीटीटी जास्त रुचतो. प्लाझ्मिड जिवाणूत वाढवलेलं असल्याने त्यात हे क्रम आपसूक येतातच.

यावरून येतो तुमच्या सिनॉप्सिसमधल्या माझ्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे, म्हणजे गटांच्या रचनेकडे. तुम्ही तीन गट लिहिलेत: लस, लस अधिक जीएम-सीएसएफ, आणि सलाइन. दुसऱ्या गटात पहिल्याच्या दुप्पट डीएनए जातंय. प्रतिसाद वाढला तर तो सायटोकाइनमुळे की जास्तीच्या डीएनएमुळे, हे तुम्ही परीक्षकाला कसं सांगणार? नुसतं प्लाझ्मिडच प्रतिकारयंत्रणेला जागं करतं. पेशीद्रवातलं दुपदरी डीएनए ओळखणारी स्टिंगची साखळी त्यासाठीच आहे. परदेशात गुरांच्या श्वसनरोगासाठी झेलनेट नावाचं औषध विकलं गेलं, ते म्हणजे चक्क लायपोझोममधलं जिवाणूजन्य प्लाझ्मिड, रोगाचं कुठलंही प्रतिजन नसलेलं. म्हणून लशीच्या गटात रिकामं प्लाझ्मिड घालून एकूण डीएनए सारखं करा. सायटोकाइनचं प्लाझ्मिड एकटं, रिकामं प्लाझ्मिड एकटं, असे आणखी दोन गट हवेत. सलाइनचा गट काढला तरी चालेल. जमलं तर पारंपरिक निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लशीचा एक गट ठेवा. तुलना तिच्याशीच व्हायची आहे.

एंडोटॉक्सिनचं तर बोलायलाच नको. ई. कोलायमधून काढलेल्या प्लाझ्मिडमध्ये जिवाणूच्या भित्तिकेतलं लायपोपॉलिसॅकराइड (हेच एंडोटॉक्सिन) राहिलं की ते स्वतःच लशीचा प्रतिसाद वाढवणारं जबरदस्त अ‍ॅड्जुव्हंट. स्वस्तातल्या किटने काढलेलं प्लाझ्मिड आणि त्यावर मिळालेला ‘सायटोकाइनचा परिणाम’ मी वाचतो तेव्हा आधी एंडोटॉक्सिनची मोजणी शोधतो. बहुधा ती नसते. प्रत्येक प्लाझ्मिडच्या प्रत्येक बॅचची मोजणी करा आणि ती तक्त्यात छापा. वेक्टर, म्हणजे मूळ प्लाझ्मिड, निवडताना अँपिसिलिनच्या प्रतिरोधाचं जनुक असलेला घेऊ नका. पीव्हॅक्स१ सारखा कॅनामायसिनचा घ्या, पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीवरून नियामकांचे प्रश्न कमी येतात.

एकाच प्लाझ्मिडवर दोन्ही जनुकं की दोन वेगळी प्लाझ्मिडं, हाही प्रश्न तुम्ही टाळला आहे. एकाच प्लाझ्मिडवर ठेवली तर प्रतिजन आणि सायटोकाइन एकाच पेशीतून, एकाच जागी निघतं, हे चांगलं. पण मग प्रमाण आणि वेळ बदलता येत नाही. पहिल्या प्रयोगाला वेगळी ठेवा.

बाजारात का नाही, या प्रश्नाला लोक ‘कंपन्यांना रस नाही’ असं उत्तर देतात. ते पुरेसं नाही. डीएनए लशी जनावरांसाठी मंजूर झालेल्या आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइलची आणि कॅनडात साल्मन माशासाठी रक्तोत्पादक ऊतींच्या विषाणूरोगाची; २०१७ मध्ये युरोपात साल्मनच्या स्वादुपिंडाच्या रोगाची. यांतल्या एकीतही सायटोकाइनचं जनुक नाही. त्यांना बाजारपेठ मिळाली ती महागडा प्राणी किंवा एकेकाला हाताळून टोचता येणारा मासा होता म्हणून. सायटोकाइन गुरांना देऊच नये असंही नाही: गाईचं जी-सीएसएफ पॉलिथिलीन ग्लायकॉलला जोडून केलेलं इम्रेस्टर हे औषध व्यायच्या सुमारास कासदाह टाळण्यासाठी युरोपात आणि अमेरिकेत मंजूर झालं. पण ते प्रथिन आहे. ठरावीक डोस, ठरावीक दिवसांनी संपणारा. जनुक दिलं की किती आणि किती दिवस तयार होईल यावर आपला ताबा राहत नाही.

नियामकांची खरी भीती वेगळीच असते. जनावराचंच सायटोकाइन लशीच्या प्रतिजनासोबत, भडकलेल्या वातावरणात सादर केलं, आणि त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली तर? माणसात जीएम-सीएसएफविरुद्ध स्वप्रतिपिंडं तयार झाली की फुप्फुसाच्या वायुकोषांत स्राव साचत जाण्याचा रोग होतो, हे माहीत आहे. दुभत्या म्हशीत असं काही सहा महिन्यांनी उद्भवलं तर जबाबदार कोण? आणि त्या म्हशीचं दूध, पुढे मांस, माणसाच्या पोटात जाणार; प्लाझ्मिड किती दिवस कुठल्या ऊतीत राहतं, हे दाखवण्याचा खर्च लशीच्या किमतीत परवडत नाही.

त्यात लाळ्या खुरकुतीची निष्क्रिय लस कशीही असली तरी ती आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद करून गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या लसीकरणाचा भार उचलला. शासन फुकट टोचत असलेल्या लशीशी नव्या लशीला किमतीवर स्पर्धा करता येणार नाही. ती जिथे कमी पडते तिथेच जागा आहे: तिचा १४६एस कण, म्हणजे अखंड विषाणूकण, उष्णतेने फुटतो, म्हणून २ ते ८ अंशांची शीतसाखळी तुटली की बाटलीत राहतं ते निकामी; संरक्षण चार-सहा महिन्यांचं; आणि ती बनवायला कारखान्यात प्रचंड प्रमाणात जिवंत विषाणू वाढवावा लागतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या संकुलातून सांडपाण्यावाटे विषाणू निसटून सरे परगण्यात साथ आली, ती याच धोक्याची जागा. प्लाझ्मिडला यांतलं काहीच लागत नाही. तुमची प्रस्तावना ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ इथून सुरू होण्याऐवजी इथून सुरू व्हावी.

लाळ्या खुरकुतीत सायटोकाइनच्या बाजूने पुरावा आहेच. डुकरांत रिकाम्या कवचाची प्रथिनं आणि ३डी पॉलिमरेज यांच्या डीएनए लशीसोबत जीएम-सीएसएफचं जनुक दिल्यावर प्रतिसाद सुधारल्याचं २००१ मध्ये आलं. गाईंत २०१२ मध्ये संरक्षण मिळाल्याचा अहवाल आहे, त्यात जीएम-सीएसएफचं प्लाझ्मिड होतं. पण सोबत इलेक्ट्रोपोरेशन होतं आणि शेवटचा डोस प्रथिनाचा होता. यश कुणाच्या नावावर मांडायचं? मला विचाराल तर शेवटच्या दोघांच्या. डीएनएने सुरुवात आणि प्रथिनाने शेवट, हा क्रम मोठ्या जनावरांत पुन्हा पुन्हा चांगला ठरलेला आहे आणि त्याला कुठलंही सायटोकाइन लागत नाही.

आता मुंबईत बसून काय करता येईल ते बघू. जिवंत लाळ्या खुरकूत विषाणूवर काम परळमध्ये होणार नाही. त्याला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, ती भुवनेश्वरला आहे. म्हणजे तुमची विषाणू-निष्प्रभता चाचणी आणि विषाणू टोचून पाहणं, दोन्ही दुसऱ्याच्या हातात. दोन वर्षांच्या पदवीत त्या रांगेवर विसंबू नका. शिवाय या रोगाविरुद्ध कधीच लस न टोचलेली म्हैस आज शोधून दाखवा. मुंबईच्या तबेल्यांत जनावर हरियाणा-गुजरातहून येतं, दूध आटलं की जातं. कानात बारा आकडी बिल्ला असतो, पण अंगातली जुनी प्रतिपिंडं बिल्ला सांगत नाही. अशा म्हशीत तुम्ही पहिला प्रतिसाद मोजत नाही, जुन्याला दिलेला धक्का मोजता.

माझी सूचना: विषाणू बदला. आयबीआर या गुरांच्या श्वसनरोगाचा घ्या, म्हणजे बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१. गाईतल्या डीएनए लशीचं पहिलं काम, १९९३ मधलं, कॅनडात सास्काटूनच्या लोर्न बाबियुक यांच्या गटाचं, याच विषाणूवर झालं. त्यामुळे तुलनेला भरपूर साहित्य आहे. जीडी हे ग्लायकोप्रोटीन एका जनुकाचं, आकाराने आटोपशीर, आणि एकट्यानेही निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं देणारं. गाईच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या एमडीबीके पेशींवर निष्प्रभता चाचणी नेहमीच्या जैवसुरक्षेत होते. रोग आपल्याकडे पसरलेला आहे, वीर्य केंद्रांवरच्या वळूंना त्याच्यासाठी तपासलं जातं, म्हणजे विषयाची गरजही मांडता येते. हा विषाणू चेतापेशींत दडून बसतो, त्यामुळे इथे पेशीय प्रतिकाराला वजन आहे आणि जीएम-सीएसएफसोबत आयएल-१२ ची तुलना अर्थपूर्ण होते. प्रतिपिंडं नसलेली वासरं शोधणं इथेही सोपं नाही, चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं काही महिने टिकतात. पण ससे किंवा शेळ्या यांत पहिली फेरी होऊ शकते.

आणि जनावराला हात लावण्याआधी एक काम आहे, ते बहुतेक जण वगळतात. तुमचं सायटोकाइन म्हशीच्या पेशींवर काम करतं का, हे बाटलीत सिद्ध करा. देवनारच्या कत्तलखान्यात म्हशी येतात. रीतसर परवानगी काढून हेपॅरिनमध्ये रक्त घ्या, बर्फावर नव्हे तर साध्या तापमानाला परळला आणा, फिकॉलवर एककेंद्रकी पेशी वेगळ्या करा. प्लाझ्मिड प्रयोगशाळेत वाढवलेल्या बीएचके-२१ पेशींत घालून त्यांचं वरचं द्रव जमवा. जीएम-सीएसएफसाठी ते द्रव मोनोसाइटांवर घालून त्या डेन्ड्रायटिक पेशींसारख्या होतात का ते पाहा. आयएल-२ साठी कॉनकॅनॅव्हलिन-ए ने चेतवलेल्या लिंफोसाइटांची वाढ मोजा. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी दिसली म्हणजे प्रथिन तयार झालं एवढंच कळतं, ते चालतं की नाही ते कळत नाही. या टप्प्याला प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीची परवानगी लागत नाही, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मात्र पुनःसंयोजित प्लाझ्मिडसाठी लागेल. मोठ्या जनावरांची परवानगी पुढे केंद्रीय समितीकडे जाते आणि तिला वेळ लागतो. तो अर्ज पहिल्या सत्रातच टाका.

उंदीर वापरणारच असाल तर बॅल्ब-सी आणि सी५७ काळे, दोन्ही घ्या. पहिला प्रतिपिंडांकडे झुकलेला, दुसरा पेशीय बाजूला. एकाच जातीत काम केलं तर सायटोकाइनचा परिणाम दिसतोय की उंदराचा मूळ स्वभाव, हे कळायला मार्ग राहत नाही. आणि त्यांना उंदराचंच सायटोकाइन द्यायचं, म्हशीचं नाही. गटांचा नवा तक्ता करून पाठवा, डीएनएचं एकूण प्रमाण प्रत्येक ओळीत लिहून.